कुंपणातली मोकळी जागा

इन्सब्रुक, १२ जानेवारी

ती. बाबांना बुर्गीचा सा. न. वि. वि.

१. शनिवारी, पहिल्याच जागतिक शर्यतीत, आपली रेझी वरच्या बर्फाळ वळणावर घसरली.
२. ती जाळीवर आदळली. डावी मांडी मोडली. शस्त्रक्रिया झाली आहे.
३. स्की तपासणं हे माझंच काम, म्हणून संघाने तिची स्की माझ्याकडे दिली. टोकापासून वीतभर धार दगडाने घासून मोडलेली आहे.

फोनवर तुम्ही ओरडता, मग रडता, म्हणून लिहिते. तिची स्की सांभाळणाऱ्या मॅथिसने टोकापर्यंत धार लावली होती. तो खोटं बोलत नाही. त्या सकाळी तुम्ही सुक्या नासपतींचा पाव घेऊन त्याच्या खोलीत गेलात आणि तो कॉफी आणायला बाहेर पडला. आपल्या गावच्या मऊ बर्फावर बोथट टोक चालतं. मोठ्या शर्यतीत उतारावर पाणी मारून बर्फाची काच केलेली असते; बोथट टोक ती धरत नाही. धार मोडायचा दगड तुमच्या खिशात होता का, एवढंच विचारते.

तुमची,
बुर्गी

हिंटरबर्ग, १५ जानेवारी

चि. बुर्गीस अ. उ. आ.

तू पोलिसात भरती व्हायला हवं होतंस. होता दगड. कधी नसतो? त्या मॅथिसने धार कसली, वस्तरा करून ठेवला होता! रेझी सहा वर्षांची असताना टोक अडकून पडली, दात गेला, आठवतं? तेव्हापासून तिच्या प्रत्येक शर्यतीआधी मी टोकावरून दगड फिरवत आलो. गावची शर्यत झाली, तिरोल प्रांताची झाली, मग ज्युनियर गटाचं पदक. कधी पडली नाही. हात आपोआप गेला गं.

काल तिचा फोन आला. म्हणाली, बाबा, मोठ्या डोंगरावर माझी लायकी नाही, माझी स्की कुंपणात ठोका. शर्यत सोडली की स्की कुंपणात जाते, तुझ्या आत्याची आहेच. मी एक फळी काढून जागा केली आहे. तिला काही सांगू नकोस. ती मला एका शब्दानेही बोलणार नाही, आणि तेच मला सोसायचं नाही.

गाय व्याली, वासरू धडधाकट आहे. पाव उरलाय, पाठवू का?

तुझा,
बाबा

इन्सब्रुक, १९ जानेवारी

ती. बाबांना सा. न. वि. वि.

पाव पाठवू नका, घेऊन या. मॅथिसचा दोष नाही, हे मी संघाला कळवलं. तुमचं नाव घेतलेलं नाही.

रेझी रोज विचारते, त्या वळणावर तिचं काय चुकलं. मी चित्रफीत पुन्हा पाहिली. तिचं काहीच चुकलं नव्हतं. तिला म्हटलं, आधी सूप संपव. ती म्हणाली, ताई, तुला खोटं बोलता येत नाही, म्हणून तू सूपाबद्दल बोलतेस.

ती पुन्हा शर्यतीत उतरेल की नाही, डॉक्टर सांगत नाहीत. कुंपणातली जागा कदाचित लागेलही. पण स्वतःला नालायक समजून तिने स्की सोडू नये. सोमवारी ती संघाला निर्णय कळवणार आहे. मी सांगितलं तर तो तपासणीचा निष्कर्ष होईल. दाताची गोष्ट तुम्हालाच सांगता येईल.

माझा लोभ आहे तसाच आहे. तुमचाही राहू द्या.

येता की नाही, ते शुक्रवार, २२ तारखेपर्यंत कळवा.

बुर्गी