मशीनवरचे सोमवार

९ फेब्रुवारी

दोन महिन्यांत तिसऱ्यांदा काच बदलली! लोकांचे चष्मे बनवणं हा माझा धंदा. नंबर वाढला म्हटलं की काच घासायची आणि बसवायची, विचारायचंय कुणाला? पण आजही उजव्या डोळ्यापुढे धूर तो धूरच. दुकानाचे मालक म्हणाले, "काचेत काही खोट नाही, पोरी. डोळ्याच्या डॉक्टरकडे जा मुकाट्याने." पाचवा महिना लागलाय, त्यामुळेच असेल. उद्या जाते.

१० फेब्रुवारी

डॉक्टर डोळ्यात डोकावले ते बराच वेळ मागे सरकेचनात. "आतल्या शिरा फुगल्यात. रक्त तपासा, आजच." तपासलं. पांढऱ्या पेशी माणसाला दहा-अकरा हजार पुरतात म्हणे. मला तीन लाख चाळीस हजार! लॅबवाल्याने घाबरून फोन केला — "बाई, तुम्ही बऱ्या आहात ना?" मी भांडी घासत होते.

११ फेब्रुवारी

ल्युकेमिया. लिहून टाकलं एकदाचं.

रक्ताच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुमचा प्रकार हळू चालणारा आहे. रोज एक गोळी, आणि बहुतेक माणसं वर्षानुवर्षं धडधाकट राहतात. मनात म्हटलं, सुटले! तेवढ्यात त्यांनी माझ्या पोटाकडे पाहिलं. गोळीने बाळाला धोका. गोळी नाही घेतली तर मला — पेशींची गर्दी इतकी, की रक्त मेंदूत किंवा फुप्फुसात कुठेही अडकेल.

नवऱ्याने मला तोंडच उघडू दिलं नाही. "गोळी सुरू करा." घरी आल्यावर ढसाढसा रडला. "मूल पुन्हा होईल गं. तू कुठून आणू?"

आठ वर्षांनी दिवस गेलेत. मी नाही म्हटलं. माझं "नाही" त्याला चांगलंच ठाऊक आहे.

१३ फेब्रुवारी

बाईंनी तिसरी वाट काढली. मशीन! एका हातातून रक्त घेतं, गरगर फिरवतं, पांढऱ्या पेशी काढून घेतं आणि बाकीचं दुसऱ्या हातातून परत देतं. बाळाला त्रास नाही. पण हा तात्पुरता उपाय — पेशी पुन्हा वाढणार, पुन्हा काढायच्या, बाळंत होईपर्यंत. दोन्ही हात तीन तास हलवायचे नाहीत. नाक खाजलं. नवरा अबोला धरून बसला होता, तरी उठून खाजवलं, आणि तेही चुकीच्या बाजूला! दोघंही हसलो. ओठांना मुंग्या आल्या की मशीनवाली कॅल्शियम देते. शेवटी तिने पिशवी दाखवली. फिकट गुलाबी, सायीसारखी दाट. हे माझ्यात होतं!

१७ फेब्रुवारी

आज नुसती धमाल. मी कॉटवर सफरचंद खात होते. दोन शिकाऊ डॉक्टर धावत आले. एक छातीला वायरी चिकटवतोय, दुसरा इंजेक्शन भरतोय. रिपोर्टात पोटॅशियम इतकं, की माझं हृदय बंद पडायला हवं होतं! "एवढं सफरचंद संपवू का?" मी विचारलं. तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या आणि त्यांनी इंजेक्शन बाजूला ठेवायला लावलं. पेशी इतक्या असल्या की त्या नळीतच फुटतात, मग आकडा खोटा येतो. पुन्हा रक्त घेतलं, जपून नेलं — सगळं ठीक. वायरीवाला वायरी सोडवत होता. त्याला एक फोड दिली.

९ मार्च

पेशी लाखाच्या खाली. धूर गेला! रस्त्यापलीकडच्या दुकानाच्या पाटीवरचा फोन नंबरसुद्धा वाचला. आता मशीन फक्त सोमवारी. बाकीचे दिवस दुकान.

३० मार्च

आई येऊन राहिली आहे. मी गाणं गुणगुणताना दिसले की तिचं डोकं फिरतं. "तुला कळतंय का काय झालंय?" कळतंय गं. पण बाळ लाथा मारतं, भूक लागते, झोप लागते. मी मजेत आहे, त्याला मी काय करू?

२० एप्रिल

मशीन बंद. पार्ट यायचाय.

२४ एप्रिल

दोन लाख दहा हजार. कानात घूं घूं चाललंय, जिना चढताना धाप लागते. नवरा फक्त माझ्या पायाशी येऊन बसला आणि पाय चेपत राहिला. भांडला असता तर बरं झालं असतं.

आज पहिल्यांदा भीती वाटली. बाळासाठीच.

२५ एप्रिल

मशीन सुरू! शनिवार असूनही मशीनवाली आली, घरचं कार्य सोडून, भारी साडीतच. म्हणाली, "तुमच्या पेशी काय सुट्टी पाळतात होय?"

१ जून

मशीनवर असताना बाळाने अशी काही लाथ मारली, की नवऱ्याने पोटावर उघडून ठेवलेलं पुस्तक खाली पडलं. मशीनवाली, नवरा, मी — तिघंही पोटाकडे बघत बसलो. माझ्यासारखं सुख कुणाला असेल?

२७ जून

मुलगी!! पावणेतीन किलो. आवाज खणखणीत. तिचंही रक्त तपासलं — पेशी अगदी हव्या तेवढ्याच. नवऱ्याने तो कागद आईला, सिस्टरला आणि झाडूवालीलाही वाचून दाखवला.

२९ जून

भांडण झालं. गोळी सुरू केली की अंगावर पाजायचं नाही. मी म्हटलं, गोळी अजून सहा आठवडे थांबू दे. तेवढं तरी पाजते, सोमवारी मशीनवर बसते. बाई म्हणाल्या, "मला पसंत नाही. पण नेमाने येणार असाल तर बघू." नवरा खिडकीकडे तोंड करून उभा होता. मग म्हणाला, "तुझंच होऊ दे."

जिंकले.

१ जुलै

गोळी घेतली.

कुणीही सांगितलं नव्हतं. ती भुकेने रडत होती, माझ्या कुशीत तोंड घालून शोधत होती. मी तिला आईकडे दिलं, "बाटली कर" म्हटलं, सिस्टरला हाक मारून गोळी मागितली आणि गिळली. ती अजून रडतेय. मीही.

मला जगायचंय.