वरचा कॅन

सान रेमिहियो,
११ ऑक्टोबर

प्रिय ताई,

तुला आणि रोल्दान भाऊजींना नमस्कार. तुम्ही दोघं खुशाल असाल असं धरून चालतो. मी बरा आहे. गुडघा कुरकुरतो, पण तो तर आई होती तेव्हापासून कुरकुरतोय.

वर गावाचं नाव वाचून तू चमकली असशील. मी इक्वितोस शहरात नाही. तुझ्या गावापासून नदीचं एक वळण खाली, सान रेमिहियोच्या शाळेच्या ओसरीत बसून लिहितोय. मास्तरीणबाईंनी वहीतली पानं दिली, वर दोन भाजलेली केळीही दिली. नदी फार उतरली आहे. लाँच मधल्या वाळूपर्यंतच येते, पुढचं चिखलातून चालावं लागतं. माणसं चांगली आहेत, विचारपूस करतात, पण आठ दिवसांत मला नावाने कोणी हाक मारलेली नाही. सगळे 'कॅनवाला' म्हणतात.

तुझ्या एप्रिलमधल्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. ते मिळालंच नाही असं कळवायचा विचार होता. त्याआधी एक थाप मारून झालीच होती. तुझ्या लेकीच्या, दालिलाच्या मातीला मी आलो नाही आणि लाँचचं इंजिन बिघडलं असा निरोप धाडला. इंजिन ठणठणीत होतं. मी तिकीट काढलं होतं, डेकवर झोळी बांधून तिच्यात आडवाही झालो होतो. भोंगा वाजला तसा उठलो, झोळी सोडली आणि फळीवरून खाली उतरलो. शेजारच्या झोळीतल्या बाईने विचारलं, काही विसरलात का? मी हो म्हटलं.

का उतरलो ते सांगायला जरा मागे जावं लागेल.

आठवतं, एकदा आपण तुझ्या चुलीपाशी बसलो होतो आणि तू कॅनच्या नावाने शंख करत होतीस. लाँचवरून रॉकेल आणि पिण्याचं पाणी उतरवून घ्यायचं आणि वरच्या गावांना होडीने पोचवायचं, हा तुझा धंदा. ते गोल कॅन जरा लाट आली की होडीभर लोळायचे. अठरापेक्षा जास्त कधी मावले नाहीत. तू एकात एक बसलेली पातेली माझ्यापुढे आदळलीस.

"ही बघ. ही कधी भांडतात का? जन्मभर साचे करतोयस ना, मग असा एक कॅन कर, जो दुसऱ्याच्या डोक्यावर गुमान बसेल."

मी केला. चौकोनी, वीस लिटरचा. डोक्यावर चार बोटं खोल खळगा आणि झाकण त्या खळग्याच्या आत. वरच्या कॅनचा तळ त्यात अलगद बसतो आणि कडेमुळे घसरत नाही. भरलेले पाच कॅन एकावर एक रचले आणि आमच्या प्लास्टिकच्या कारखान्याचे मालक स्वतः वर चढून उभे राहिले. पोट सुटलेला माणूस, पण कॅन हलले नाहीत. तुझ्या होडीत चाळीस बसू लागले. माझं सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या बाटल्यांचे साचे घासण्यात गेलं, ही पहिली वस्तू माझी होती. ताई, मला फार बरं वाटलं होतं. बायको गेल्यापासून पहिल्यांदाच कोणालातरी काहीतरी सांगावंसं वाटत होतं.

मी सगळं तपासलं, पण ते भरलेल्या कॅनवर आणि छपराखाली. रिकामा कॅन कोण तपासतं? आपल्या काठावरच्या घरांत माणसांनाच जागा पुरत नाही, रिकामे कॅन बाहेर ओसरीच्या कडेला रचतात. त्याच ओसरीत वाढलेला मी, मीच ते विसरलो. खालच्या कॅनचा खळगा वरच्याने झाकला जातो. सगळ्यात वरच्याचा कोण झाकणार? त्यात पावसाचं पाणी साचतं आणि तिथेच राहतं. लोकांना तर तो खळगा भलताच आवडला. कोणी त्यात चमचे विसळतं, कोणाची बदकं पाणी पितात. इथली एक म्हातारी मला म्हणाली, कोणी केला ठाऊक नाही, पण वर पाण्याला जागा ठेवली, शहाणा माणूस असणार. मी मान हलवली.

आता फेब्रुवारीचं. कार्निव्हलला मी तुझ्याकडे होतो. अंगणात भेटवस्तू टांगलेलं झाड उभं केलं होतं. भाऊजी आल्यागेल्याला दंडाला धरून ओसरीकडे आणत होते, हा आमचा लिसार्दो आणि हे याचे कॅन, म्हणत. तीन चळती होत्या. दालिला ओसरीच्या कठड्यावर चढून सगळ्यात वरच्या कॅनमध्ये डोकावली.

"मामा, ह्यात काहीतरी वळवळतंय."

मी पाहिलं. ताई, इक्वितोसमध्ये आरोग्य खात्याची माणसं घरोघर शिरतात, फुलदाणीसुद्धा उपडी करून बघतात. डेंग्यूच्या डासाची अळी मी झोपेतही ओळखेन. मला तिथल्या तिथे कळलं, चूक कुठे झाली ते आणि कोणाची ते. आणि भाऊजी चार पाहुणे घेऊन आमच्याकडेच येत होते.

मी म्हणालो, "काही नाही गं, बेडकाची पिल्लं आहेत."

पाहुणे पांगल्यावर त्या एका चळतीवरचं पाणी मी गुपचूप ओतलं. बाकीच्या दोन राहिल्या. राहिल्या कसल्या, मीच जेवायला बसलो. पानात बांधलेला भात होता, तू आग्रह करत होतीस. दुसऱ्या दिवशी लाँच पकडली. म्हटलं, मालकांना सांगू, साचा बदलू, थोड्या दिवसांचा तर प्रश्न आहे. मालकांनी नुकतीच पाच हजार कॅनची ऑर्डर घेतली होती आणि फार खुशीत होते. मी रोज उद्यावर ढकलत राहिलो. मार्चमध्ये तुझा निरोप आला.

मग एप्रिलचं पत्र. त्यातल्या ओळी मला पाठ आहेत. तू लिहिलंस, "तापाने पडेपर्यंत रोज तुझे बेडूक बघायला जायची. मी एकदा ते पाणी ओतायला गेले तर रडून गोंधळ घातला, मामाने सांगितलंय पिल्लं आहेत म्हणून. मग मीही राहू दिलं." तिला माझी किती माया होती हे कळावं, माझ्या मनाला बरं वाटावं, म्हणून तू ते लिहिलं होतंस.

ते बेडूक नव्हते, ताई.

इथली नर्स म्हणते, डास नदीवर सगळीकडे आहेत, कुठला कोणाला चावला हे देवालाच ठाऊक. मीही स्वतःला तेच सांगून पाहिलं. पचलं नाही. तू ते पाणी ओतायला निघाली होतीस. तुझा हात माझ्या शब्दाने अडवला. आपण तेव्हाच ओतलं असतं तर, असं तुझ्या मनात येत असेल तर आजपासून आणू नकोस. मी ते मार्चमध्येच सांगायला हवं होतं. सात महिने तुला एकटीला त्यात ठेवलं, हा माझा दुसरा गुन्हा.

साचा आता बदलला आहे. कडेला खाच पाडली तर माल फुटका दिसतो, असं मालकांचं म्हणणं. एका रविवारी कारखाना बंद असताना मी साच्यात हवा तो फेरफार करून टाकला. त्यांनी शिव्या घालून मला हाकललं, साचा मात्र तसाच ठेवला, कारण त्यात प्लास्टिक जरा कमी लागतं. पण आधीचे कॅन नदीभर पसरलेले आहेत. म्हणून ऑगस्टपासून करवत घेऊन घाटाघाटावर हिंडतोय. प्रत्येक कॅनच्या कडेला दोन खाचा पाडल्या की पाणी वाहून जातं. लोक वैतागतात, आमच्या बदकांनी काय करायचं म्हणतात. डेंग्यूचं सांगतो, तेव्हा ऐकतात. कॅन मीच केला हे अजून एकाही गावात बोललेलो नाही. ते आधी तुला कळायला हवं होतं.

तुझं गाव सगळ्यात आधी करायला हवं होतं. भीतीने शेवटी राहिलं.

हे पत्र उद्या मास्तरीणबाईंचा भाऊ आणून देईल. परवा सकाळी मी येईन. वाळूवर थांबेन, वर चढणार नाही. माझं तोंड बघायचं नसेल तर कॅन कोणाबरोबर तरी खाली पाठव. खाचा पाडून त्याच होडीने परत जाईन. भाऊजींना काय सांगायचं ते तू ठरव. ते मारायला आले तर येऊ देत, मी पळणार नाही. तू वर ये म्हणालीस तर काय, ह्याचा विचार मी करत नाही.

एवढंच मागणं आहे. वाचून होताच ओसरीवर जा. तिची आठवण म्हणून ते पाणी अजून तसंच ठेवलं असशील तर ओतून टाक. तिन्ही चळतींवरचं.

दालिलाशी खोटं बोललेला तिचा मामा,
लिसार्दो