लालासाहेबांचा बर्नर

पाचगणी,
१९ जानेवारी १९४७

प्रिय बनू,

तुझं अभिनंदनाचं पत्र पोचलं. ‘आईला आगीतून पाठीवर घेऊन बाहेर काढणारा नवरा मिळाला, भाग्याची आहेस,’ असं लिहिलंस. ते वाचून मी स्वयंपाकघरात एकटीच इतकी हसले की आमचा आकाराम बाहेरची झाडलोट टाकून दारात आला. “काय झालं वैनीसाब?” म्हणाला. म्हटलं, काही नाही, सांगलीहून एक विनोद आलाय.

नवऱ्याचं नाव बाईनं घेऊ नये म्हणतात. या पत्रात मी ते पोटभर घेणार आहे, तेव्हा तू एकटी असशील तेव्हाच पुढचं वाच.

आम्ही फलटण सोडून इथं का आलो, ते तुला ठाऊक आहे. आत्याबाईंचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा दमा. गुऱ्हाळाच्या धुरात त्यांचा जीव घुसमटायचा. साताऱ्याचे डॉक्टर म्हणाले, पाचगणीची हवा मानवेल, पण थंडीत खोली उबदार पाहिजे. म्हणून एका पारशी गृहस्थाचा हा बंगला घेतला. मागच्या पडवीत लोखंडी बॉयलर आहे. त्यातलं गरम पाणी नळ्यांमधून आत्याबाईंच्या खोलीच्या भिंतीकडेनं फिरतं आणि खोली ऊब धरते. पारशीबाबा त्यात दगडी कोळसा जाळायचा. लढाईत कोळसा मिळेनासा झाला. मी आणि आकाराम लाकडं घालून कसंबसं निभावत होतो.

मग लालासाहेब लढाईवरून परत आले. लढाईवरून म्हणायची आपली एक पद्धत. ते मिसर देशात होते हे खरं, पण सामानाच्या गोदामात, घोंगड्या आणि बूट वाटायला. तिथं पलटणीचे आचारी मोटारीचं जळकं, काळं तेल पेटवून त्यावर रसोई करायचे. लालासाहेब त्या रसोईचं जेवण जेवले होते. तेवढ्या अधिकारावर त्यांनी इथं जाहीर केलं की आपल्या बॉयलरला तेलाचा बर्नर बसवायचा. घाटातल्या मोटारींचं टाकाऊ तेल कुणीही फुकट देईल, आणि पाचगणीतले साहेबलोक बघायला येतील.

यंत्र तसं साधं. पडवीबाहेर उंचावर तेलाचं पिंप, पिंपाला तोटी, तोटीपासून एक नळी बॉयलरच्या पोटात. आत एक लोखंडी तवा. चिंधी पेटवून तवा तापवायचा, मग त्यावर तेल थेंब थेंब सोडायचं, म्हणजे त्याची वाफ होऊन ती भडकते. पहिल्या दिवशी नारळ फोडला, हार घातला. ज्योत लागली तेव्हा लालासाहेब असे उभे राहिले की जणू सूर्य त्यांनीच उगवून आणलाय.

दुसऱ्या सकाळी तो विझलेला होता. तिसऱ्या दिवशी पेटला, पण धूर असा की दोरीवरची माझी लुगडी काळी ठिक्कर. त्याच्या पुढं तो तडतडायला लागला, गरम तव्यावर पाणी पडावं तसा. आत्याबाई दोन घोंगड्या घेऊन भिंतीला टेकून बसायच्या, आणि भिंत त्यांच्या पाठीपेक्षा गार.

लालासाहेबांची दुरुस्ती बघण्यासारखी होती. बिघाड यंत्रात असतो हे त्यांना मान्यच नव्हतं. तो कायम माणसात असायचा. धूर झाला, तर पारशानं धुराडं चुकीचं बांधलं. ज्योत विझली, तर आकारामनं दार उघडं टाकलं. तडतडला, तर मी खिडकीतून बघत होते. एक दिवस तर त्यांनी बर्नरला चक्क शिव्या दिल्या, गोदामातल्या हमालांना देतात तशा, आणि मग हात धुऊन जेवायला आले. यंत्राला हात लावायचा म्हणजे त्यांच्या मते तोटी फिरवायची. कमी चाललं की जास्त फिरवायची. जास्त झालं की आणखी जास्त.

ते उसाच्या कामाला फलटणला गेले तेव्हा मी पदर खोचला. तू म्हणशील, तुला काय कळतंय? अगं, रोज चूल पेटवणाऱ्या बाईला आग कळते, आणि आपण ट्रेनिंग कॉलेजात पदार्थविज्ञान काय झोपा काढायला शिकलो होतो? तडतड पाण्याची होती हे उघड होतं. पिंपाच्या तळाशी तेलाखाली पाणी साचलेलं. ते काढून टाकलं आणि तेल जुन्या लुगड्याच्या धडप्यातून गाळलं. हाताला लागला तो गाळ मळीसारखा. धूर वाऱ्यावाचून होत होता. राखेचं खालचं दार लालासाहेबांनी ‘ऊब बाहेर जाते’ म्हणून मातीनं लिंपून टाकलं होतं, ते मी फोडलं. राहिलं पहाटेचं विझणं. थंडीत तेल तुपासारखं थिजायचं आणि थेंब पडायचाच थांबायचा. आकाराम आणि मी नळी वाकवून गरम धुराड्याला चिकटवून आणली. त्या दुपारी ज्योत पिवळी, स्वच्छ लागली ती राहिली. आत्याबाई घोंगडं बाजूला सारून म्हणाल्या, “लीला, आज श्वास कसा मोकळा आला गं.” ते ऐकून फार बरं वाटलं मला.

लालासाहेब परत आले, ज्योत बघितली आणि म्हणाले, “बघ, मी केलेलं सेटिंग आता बसलं.” म्हटलं, बसू दे. फक्त एक गोष्ट मी त्यांना बजावून सांगितली. ज्योत विझली तर आधी तोटी बंद करायची, दार उघडून तवा गार होऊ द्यायचा, साचलेलं तेल पुसायचं, आणि मगच पेटवायचं. गरम तव्यावर साचलेल्या तेलाची वाफ आत कोंडलेली असते. तिला जळती चिंधी दाखवली की ती दार फेकून देईल. ते हसले. “बायकांनी चुलीपुरतं बघावं.”

नंतर एका सकाळी तू सांभाळतेस त्या मुलींच्या बोर्डिंगच्या कमिटीचे भाऊसो पाहुणे आले. पोट पुढं आणि गळ्यात मफलर. लालासाहेबांनी त्यांना आगीचा जोर दाखवायला तोटी पुरती सोडली. तेलाच्या लोंढ्यानं ज्योत गुदमरून विझली. आकाराम पुढं झाला. “मालक, थांबा वाईच. आत त्याल साचलंय, लय वाफ हाय.”

“तू मला शिकवणार?” म्हणत लालासाहेबांनी जळती चिंधी आत टाकली.

मी पडवीतच उभी होते. आवाज झाला तसा बॉयलरचं दार माझ्या अंगावरून उडून अंगणात पडलं. सांडलेल्या तेलाच्या ओघळावरून आग आत्याबाईंच्या खिडकीकडं धावली. भाऊसो पहिले पळाले. त्यांच्या मागं, मला खांद्यानं बाजूला ढकलून, लालासाहेब. आई आत आहे हे त्यांना ठाऊक होतं, बनू. त्यांनी त्या खिडकीकडं बघितलं आणि मग पळाले. ते बघणं मी पाहिलं आहे.

मी तोटी बंद केली. हात तिथंच भाजला. आकाराम घमेल्यानं लाल माती टाकत सुटला, त्याच्या भुवया जळून गेल्या. मी आत गेले, आत्याबाईंना पाठीवर घेतलं आणि पुढच्या दारानं बाहेर आणलं. किती हलक्या झाल्यात त्या.

आग विझल्यावर दोघे पुरुष रस्त्यावरून परत आले. “मी माणसं बोलवायला गेलो होतो,” लालासाहेब म्हणाले. माणूस एकही बरोबर नव्हतं. तेवढ्यात, माझ्या मांडीवर डोकं ठेवून धापा टाकणाऱ्या आत्याबाई भाऊसोंना म्हणाल्या, “माझ्या ल्येकानं मला पाठीवरनं आणलं, दादा. न्हाईतर जळालीच असते.” भाऊसोंनी पळताना मागं वळून बघितलं नव्हतं, त्यामुळे त्यांना ते पटलं. तेच त्यांनी सांगलीभर सांगितलं, आणि तेच तू मला लिहिलंस.

रात्रीचं जेवण भरवताना मी आत्याबाईंना विचारलं, असं का सांगितलंत? त्या भिंतीकडं तोंड करून म्हणाल्या, “त्यो तसा न्हाई हे मला कळतंय गं. पण मी जिती असताना लोकान्ला कळाया नको.” त्यांच्यावर मला रागावता आलं नाही. राग सगळा दुसरीकडं जमा झाला आणि तिथं तो आता थंड होऊन तिरस्कार झालाय. तिरस्कार बरा असतो, त्यात झोप लागते. लालासाहेब मिशीला तेल लावून आरशात बघतात तेव्हा मला गंमत वाटते, एवढा वेळ बघण्यासारखं त्यांना तिथं काय दिसतं.

खरं तर हे सगळं मी कुणालाच लिहिणार नव्हते. पण काल जेवताना ते मिटक्या मारत बोलले, की भाऊसोंच्या कमिटीनं ठराव केलाय, सांगलीच्या मुलींच्या बोर्डिंगातल्या न्हाणीच्या बॉयलरला लालासाहेबांनी आईच्या नावानं बर्नर बसवून द्यायचा. राखेचं दार या वेळी विटांनी बुजवणार आहेत आणि तोटी दुप्पट मोठी घालणार आहेत. येत्या गुरुवारी निघतात. न्हाणीच्या वरच तुझ्या लहान मुली निजतात ना? त्यांना त्या खोलीतून आजच हलव, आणि मी पोचेपर्यंत कुणाला बॉयलरला हात लावू देऊ नकोस. मी मंगळवारीच आकारामला घेऊन निघते, सातारा रोडला गाडी धरून. कमिटीसमोर मी उभी राहून काय घडलं ते सांगणार आहे, पळाले कोण आणि पाठीवर घेतलं कुणी, सगळं. ते सांगितल्यावर मला या घरात परत यायला दार राहणार नाही, हे मला समजतं. आत्याबाईंनाही समजलंय. मंगळवारची मोटार किती वाजता सुटते, ते त्यांनीच आकारामला विचारून ठेवलं. माझं अंथरूण तुझ्या खोलीत घाल.

तुझीच,
लीला