सत्तावीसची फट

खालचा बाक, सोमवार, सकाळी दहा

चि. छकुलीस आजीचे पोटभर आशीर्वाद.

चार इयत्ता शिकलेल्या बाईची नात वॉर्डात डॉक्टर! बाकावरच्या सगळ्यांना सांगून झालं, दोघींना तर दोनदा. फोनवर मला धड ऐकू येत नाही, म्हणून वॉर्डातल्या मावशींच्या हाती ही चिठ्ठी. तुझे आजोबा ओळखतात का आता? काल मला ताई म्हणाले, चौपन्न वर्षं संसार करून! आणि श्वास असा, की जणू जिना चढून आलेत. रक्त आंबट झालंय म्हणतात, म्हणजे काय गं? खरं सांग, मी रडणार नाही. रडले तरी तुला वर दिसणार नाही.

माझ्यावरचा लोभ आज त्यांच्याकडे वळव.
आजी

वॉर्ड, साडेदहा

ती. आजीस सा. न. वि. वि.

रक्तात आम्ल वाढलंय. तराजू डोळ्यांपुढे आण. एका पारड्यात सोडियम, १३८. दुसऱ्यात क्लोराइड १०० आणि बायकार्बोनेट ११. खरं तर दोन्ही पारडी सारखी असतात, पण काही वजनं आम्ही मोजतच नाही, म्हणून चांगल्या माणसातही दहा-बाराची फट दिसते. आजोबांची सत्तावीस आहे. नुसत्या जुलाबांनी असं झालं असतं, तर फट वाढली नसती. न मोजलेलं कसलं तरी आम्ल आत आहे. साखर, मूत्रपिंडं पाहिली, तिथे काही नाही. आजी, त्यांच्या पोटात काय गेलंय? औषध, घड्याळं दुरुस्त करायचं तेल, काहीही. लपवू नकोस, वेळ नाही गं.

लोभ असावा, उत्तर आधी असावं.
छकुली

बाक, पावणेअकरा

छकुली, आशीर्वाद राहू दे, आधी उत्तर.

तेल ते कुठले पितात, थेंब थेंब जपतात! पण बोटं दुखून स्क्रू धरवेना, म्हणून अ‍ॅस्पिरिन घ्यायचे. विसरायला होतं म्हणून नेम केला, गजर झाला की गोळी. गेल्या आठवड्यात गिऱ्हाइकांची पाच गजराची घड्याळं फळीवर मांडली. ती परत गेली, तरी हे म्हणायचे, गजर वाजतोय, पाणी आण. मला कुठे ऐकू येतं! वाटलं, वाजत असेल. दिवसाला दहा-बारा वेळा पाणी मीच दिलं गं, हसत हसत. मीच दिलं.

त्यांना वाचव, मग माझ्यावर लोभ नसला तरी चालेल.
आजी

वॉर्ड, मंगळवार, दुपारी चार

ती. आजीस सा. न. वि. वि.

रक्तात अ‍ॅस्पिरिनच निघालं. जास्त झालं की कानात घंटा वाजते. ते तिलाच गजर समजून आणखी गोळी घेत होते. तू लिहिलंस म्हणून कळलं. यंत्राने रक्त धुतलं, फट चौदावर आली. आत्ता डोळे उघडून म्हणाले, गजर थांबला, तिला सांग, आता पाणी नको. तिला म्हणजे कुणाला, विचारलं. ताई नाही म्हणाले. लाजत तुझं नाव घेतलं.

लोभ घेऊन वर ये.
छकुली