अर्धं टोपलं शेंगा

ठाणेदार साहेब,

नमस्कार लिहायचं मन नाही, म्हणून सरळ बोलते.

मंगळवारी दुपारी फोन मीच केला होता. माहा भाऊ स्वप्निल तीन दिवस झोपला नव्हता. भिंतीतून माणसं बोलतात म्हणत तो विळा घेऊन अंगणात उभा होता. मी भेली. तुमच्याबिगर दुसरा नंबर मले माहीत नव्हता.

तुमची जीप येईपर्यंत शेजारच्या पंचफुलाकाकीनं त्याच्यापुढे तुरीच्या शेंगांचं टोपलं ठेवलं. "बापू, एवढ्या सोलून दे, सोल्याची भाजी करते," एवढंच म्हणाली. त्यानं विळा ठेवला अन् सोलाले बसला.

तुमी आले तवा अर्धं टोपलं झालं होतं. तो शांत हाय, त्याले डॉक्टर पायजे, असं मी सांगून राहिली होती. तुमच्या शिपायांनी त्याले पालथं पाडलं अन् बैलाच्या दाव्यानं हात बांधले. सारी गल्ली पाहत होती. काहून, साहेब? तापानं फणफणलेल्या माणसाले कोणी असं बांधून नेते का? मंग याले काहून?

अमरावतीच्या दवाखान्यातून डॉक्टरच्या गोळ्या घेऊन चार दिवसांनी तो घरी आला. आल्याबरोबर त्यानं विचारलं, "पोलिसाले कोणं बलावलं?"

मी म्हणाली, काकीनं.

आता तो काकीच्या हातचं पाणीबी पेत नाही. काकी रोज येते अन् दारातूनच परत जाते. तिले कारण माहीत नाही.

हे पत्र मी पोस्टाच्या पेटीत टाकत नाही. पुन्हा तसं झालं, तर मले तुमालेच फोन करा लागन.

फोन करणारी,
संध्या