फोनची जोडी

९ मार्च, रविवार

झालं! चर्चच्या तरुण संघाची ‘मोबाईल आणि पवित्रता’ मीटिंग फक्त मुलांसाठी. आम्ही मुली? भजी तळा! पाळकसाहेब आत पॉर्नवर बोलतायत, आणि ज्या बाईला ते ऐकायची गरज आहे ती बाहेर बेसन कालवतेय. म्हणजे मी. एमएस्सीला आल्यापासून बघते. लाज वाटते, सोडते, परत बघते. आणि रविवारी क्वायरमध्ये पहिल्या रांगेत!

११ मार्च

मुलांच्या जोड्या लागल्या. ईस्टरपर्यंतच्या उपवासकाळभर संध्याकाळी आपला फोन जोडीदाराकडे द्यायचा, सकाळी परत घ्यायचा, म्हणजे रात्री मोह नको. प्रफुलचा फोन निकेशकडे. काल आरमोरीहून प्रफुलच्या आईचा कॉल – "जेवला का रे बाबू?" निकेशने प्रफुलच्या आवाजात हो हो केलं, वर मामेबहिणीच्या लग्नात नाचायचंही कबूल करून टाकलं! कँटीनमध्ये हसून पोट दुखलं.

पण खरं सांगू? हेवा वाटला. मला कोण घेईल जोडीला? रीता माझी रूममेट, जिवाभावाची. पण ती म्हणते, "पोट्टे असेच राह्यतेत. छी!" माझं कळलं तर खोली सोडून जाईल. ती गेली तर मी काय करू?

१६ मार्च, रविवार

पुन्हा भजी. कांदा माझ्याकडे. पाळकीणबाई, आमच्या कमळाबाई, कढईपाशी झारा घेऊन उभ्या. मी विचारलं, "बाई, आमची मीटिंग कधी?"

"पोरीयले काय गरज वं?"

"मले आहे."

तोंडातून निघूनच गेलं! कमळाबाईंचा झारा हातातच राहिला. घाणा करपला. रीता पीठ कालवत होती, तिने मान वर केली नाही. मी कांदा चिरत राहिले.

१७ मार्च

रीता बोलत नाही. चहासुद्धा एकटीच प्यायली.

१८ मार्च

कॉलेजातून आले तर रीताचा फोन माझ्या उशीवर! आणि मागे ती –

"पाहून काय राह्यली दिव्यानी? तुया दे इकडे. मले वाटे, मीच एकटी आहो."

आधी रडलो. मग इतक्या हसलो की घरमालकीण वर बघायला आली. किती हलकं वाटतंय! आता हिच्या आईला ‘जेवली’ म्हणून मीच सांगणार.

२३ मार्च, रविवार

मुलींची मीटिंग! भजी मुलांनी तळली. आतून कच्ची.

कमळाबाईंनी दार ओढून घेतलं. आता उपदेश, म्हणून आम्ही सगळ्यांनी माना खाली घातल्या. त्यांनी आपला फोन पदराला पुसला आणि सतरंजीवर ठेवला.

"मले कोन घेते वं जोडीले?"