हिरव्या केसांच्या सिनेमातलं गाणं

मंगळवार, ४ मार्च

काय रे कागदा, काल काय झालं ते आठवतंय? नाही ना! कोरा करकरीत आहेस. आणि विसरभोळी म्हणे मी!

दवाखान्यातल्या बाईंनी सांगितलंय — केझाया, रोज घडेल ते लिहून ठेवा, म्हणजे स्मरणशक्तीचं काय चाललंय ते कळेल. लिहून ठेवा! त्याआधी त्यांनी माझ्या हातात पेन्सिल दिली होती. "एक वाक्य लिहा, कुठलंही." मी म्हटलं, बाई, हे मला विशीतही आलं नसतं. मी कालव्यातल्या बोटीवर जन्मले. बोट आज इथे, उद्या तिथे. शाळेच्या हाती आम्ही कधी लागलोच नाही. तर त्या वाक्याचे गुण गेले. मग पंतप्रधानांचं नाव विचारलं. तेही मी सांगितलं नाही. येत होतं — पण सकाळी सकाळी तोंडात कशाला घ्यायचं!

म्हणून लिहायला सून, मँडी. मी बोलते, ती लिहिते.

"सगळं लिहू?"

सगळं. तुझ्या पॅनकेकबद्दलही. आज पॅनकेकचा मंगळवार, ईस्टरच्या उपासांआधी घरोघरी पॅनकेक करायचा दिवस. बुटाला तळ म्हणून चालले असते. — लिहिलंस? लिहिलं म्हणते. गुणाची आहे.

आता मुद्द्याचं. रविवारी जेवताना रेडिओवर त्या जुन्या आरडाओरड्याच्या गाण्यांचा कार्यक्रम लागला होता. कानात सेफ्टी पिना घालणाऱ्या पोरांच्या काळातला. मी सहज म्हटलं, त्या काळातलं खरं गाणं एकच. हिरव्या केसांच्या पोरीच्या सिनेमातलं, प्रेमाचं. आमचा ग्लेन — मुलगा माझा, पबमधल्या प्रश्नमंजुषेचा कॅप्टन, जगातलं सगळं त्याला माहीत — काटा खाली ठेवून म्हणाला, "आई, त्या सिनेमात प्रेमाचं गाणं नाही."

"आहे."

"नाही गं. मी तो दहा वेळा पाहिलाय."

मागच्या महिन्यात माझी पर्स फ्रिजमध्ये सापडली. (चोर फ्रिजमध्ये बघतो का कधी?) तेव्हापासून याचं लक्ष आहे माझ्यावर. म्हाताऱ्यांच्या एका घरात माझ्यासाठी खोली बघून ठेवलीय म्हणे. मी कालव्याकाठची माझी खोली सोडून तिथे जायचं!

मग मी पैज लावली. सिनेमा आणायचा, बघायचा. गाणं असेल तर त्या घराचं नाव काढायचं नाही. नसेल तर मी मुकाट्याने बॅग भरते.

"बघ हं, आई."

बघ हं, म्हणे! बघच.

गुरुवार, ६ मार्च

मँडी विचारते, गाणं होतं तरी कसं?

मी ग्लोब थेटरात आइस्क्रीम विकायचे. गळ्यात पट्ट्याने अडकवलेला ट्रे, ट्रेला एक इवलासा दिवा. इंटरव्हलला पडद्यापुढे उभी राहायचे आणि वरच्या खोलीतून लायनेल माझ्यावर झोत टाकायचा. लायनेल म्हणजे मशीनवाला. अबोल माणूस. चहाचा कप नेऊन दिला तर कपाला थँक्यू म्हणेल, मला नाही. झोत मात्र जरा जास्तच वेळ ठेवायचा. "डोळे दिपतात रे! सुटे कसे देऊ?" मी खालून ओरडायचे. वरून चकार शब्द नाही.

तो हिवाळ्यात लागलेला सिनेमा. नाव विचारू नका. पाटी वाचता आली असती तर सांगितलं असतं. मी सिनेमे चेहऱ्यांवरून ओळखायचे. ही हिरव्या केसांची. गाव लोटलं होतं — बूट एवढाले, केस रंगाच्या डब्यात बुडवलेले. खुर्च्यांवर उड्या, थुंकणं, बाटल्या. पण माझ्याशी कधी वाकडं बोलले नाहीत हो. "काय बदके, चॉकलेटवालं आहे का?" आमच्याकडे लाडाने हाक मारायची तर लहानथोर सगळीच बदकं.

आणि गाणी! गाणी कसली, भांडणं. पडद्यावरचे ओरडायचे, त्यांच्यावर हे ओरडायचे.

मग इंटरव्हलनंतर बऱ्याच वेळाने ती पोरगी आणि तिचा काटकुळा मित्र बसच्या वरच्या मजल्यावर बसतात. काचेवर पाऊस. कोणी बोलत नाही. आणि तेव्हा ते गाणं. एका बाईचा खालच्या पट्टीतला आवाज, मागे नुसता पियानो. मारामारीत कोणी इस्त्रीचा रुमाल काढावा तसं.

*तू वळू नकोस, तशीच उभी राहा,*
*तेवढ्यावर माझी रात्र निघते.*

आता ती पोरगी बसलेली होती, उभी नव्हती. पण म्हटलं, सिनेमावाल्यांना काय, काहीही लावतात.

गाणं सुरू झालं की अख्खं थेटर उठायचं. अर्धे मुतायला, अर्धे बाहेर सिगरेटी ओढायला. रिकाम्या थेटरात, बाजूच्या भिंतीशी, पडद्याकडे तोंड करून मी एकटी उभी. दोन आठवडे रोज. खेळ सुटला की दारात विल्फ छत्री घेऊन उभा असायचा. माझा नवरा — कपबशांच्या भट्टीवर होता. आता जाऊन बरीच वर्षं झाली त्याला. घरी जाताना मी ते गाणं गुणगुणायचे. विल्फ म्हणायचा, "छान आहे. पण पाऊस थांबेल असं काही म्हण ना."

शनिवार, ८ मार्च

काल मँडी बिंगोला गेली होती. म्हणजे काल झालाच नाही.

रविवार, ९ मार्च

ग्लेनने फोनमध्ये शोधलं. सिनेमातल्या सगळ्या गाण्यांची नावं वाचून दाखवली. एकेक नाव असं, की चर्चमध्ये उच्चारलं तर छप्पर कोसळेल. आपलं त्यात नाही.

"फोनमध्ये नाही, आई."

"तुझा फोन तेव्हा थेटरात होता का?"

मग त्याने पबमधल्या दोस्तांना विचारलं. तेव्हाचे सेफ्टी पिनावाले, आता टकलं पडलीत, गुडघे बदललेत. कोणालाच गाणं आठवत नाही. एक जण म्हणाला म्हणे, "मी तेव्हा मुतायला गेलो असेन."

मी टेबलावर हात आपटला. हीच तर साक्ष! याहून पक्का पुरावा काय पाहिजे?

ग्लेन म्हणतो, हा पुरावा होत नाही. बटाटे मात्र सगळे एकट्याने संपवले.

शनिवार, १५ मार्च

सिनेमा पाहिला. ग्लेनच्या घरी, त्याच्या त्या भिंतीएवढ्या टीव्हीवर. मी केस सेट करून गेले होते. जिंकायला जाताना माणसाने नीट दिसावं.

हिरवी पोरगी आली — अय्या, केवढीशी आहे! तेव्हा मला चांगली थोराड वाटायची. ओरडणं, उड्या, सगळं जसंच्या तसं. मी आधीच सांगत होते — आता हा दगड मारणार. आता पोलीस घसरून पडणार. मँडी म्हणाली, "बघ ग्लेन, हिला सगळं आठवतंय."

मग बस आली. वरचा मजला. काचेवर पाऊस. मी मँडीचा हात धरला. म्हटलं, ऐका आता!

बसची घरघर. पाऊस. बसची घरघर. मग पोरगी उतरून गेली.

बस्स.

"परत लाव," मी म्हटलं. ग्लेनने परत लावलं. परत घरघर.

त्याने टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. मी तयार होते, माझ्याकडे दोन-तीन उत्तरं होती. पण तो उठला, आतून शाल आणली आणि माझ्या खांद्यावर घातली.

तिथे मी घाबरले.

रविवार, १६ मार्च

आज काही सांगायचं नाही. — तसंच लिही, मँडी.

मंगळवार, १८ मार्च

दिलेला शब्द, म्हणून ते घर बघायला गेलो. मँडीने गाडी चालवली.

स्वच्छ आहे. इतकं स्वच्छ की आपणच डाग वाटतो. एक मुलगी सगळं दाखवत होती, माझ्याशी मोठ्याने आणि सावकाश बोलत होती, जशी मी लांबच्या देशातून आलेय. "केझाया आजी, इथे आपण रोज गाणी म्हणतो!" मी विचारलं, कुठली? म्हणाली, "सगळ्यांना माहीत असलेली!" म्हटलं, संपलं. खिडकीतून मोटारी उभ्या करायची जागा दिसते. पाणी नाही. मी जन्मात पाण्यापासून लांब झोपलेली नाही, कागदा. कधीच नाही.

परत येताना सिग्नलला गाडी थांबली आणि मँडी गुणगुणायला लागली. कोणतं? तेच!

"नसलेलं गाणं तुला कसं येतं गं?"

"तू भांडी घासताना म्हणतेस ना. माझ्या लग्नाच्या आधीपासून म्हणतेयस." हिरवा दिवा पडला, मागचा भोंगा वाजवतोय, ही हलेना. "केझी, पहिल्यापासून शेवटपर्यंत गाणं आहे ते. चाल आहे, शब्द आहेत. तू एवढं मनाने रचलं असशील तर तुला दवाखान्यात नाही, स्टेजवर पाठवायला हवं. त्या थेटरात तेव्हा आणखी कोण होतं? मुतायला न जाणारं?"

मी म्हटलं, कोणी नाही. सगळे जायचे. मग म्हटलं — थांब. मशीन सोडून जाता येत नाही. लायनेल!

गुरुवार, २० मार्च

ग्लेन म्हणाला, लायनेलला शोधणार कुठे? जिवंत तरी आहे का?

मी फोन पुढे ओढला. लायनेल दुपारच्या खेळाला झोपून राहायचा, मग मॅनेजर मला ओरडायचा — केझाया, त्याच्या आईकडे फोन लाव! नंबर पाठ आहे. अक्षरं येत नाहीत मला, आकडे येतात. आता पुढे एक आकडा वाढलाय, तो ग्लेनने सांगितला. बाकी मी घडाघडा दाबले. ग्लेनचं तोंड उघडंच. कॅप्टन!

घंटा वाजत राहिली. मग उचलला. मँडीने आवाज सगळ्यांना ऐकू येईलसा केला.

"कोण?"

"केझाया! ग्लोबमधली!"

"कोण गेलं?"

आमच्या वयात फोन आला की पहिला प्रश्न हाच.

"कोणी गेलेलं नाही! अजून आईच्याच घरात आहेस?"

"आई गेली. मी आहे."

"आणि बायको?"

"राहून गेलं ते."

"बरं ऐक, लायनेल. तो हिरव्या केसांच्या पोरीचा सिनेमा. बसच्या वेळी एक गाणं होतं. होतं ना?"

पलीकडे शांत. इतकं शांत की मला वाटलं, हाही मुतायला गेला.

"नव्हतं," तो म्हणाला.

ग्लेनने डोळे मिटले. म्हातारपण म्हणजे हेच असणार, म्हटलं — आपल्याच डोक्याने आपल्याला फसवणं.

"सिनेमात नव्हतं," लायनेल म्हणाला. "मी लावायचो."

"काय लावायचास?"

"वर इंटरव्हलच्या गाण्यांचा ग्रामोफोन होता ना. बस आली की मी सिनेमाचा आवाज बंद करायचो आणि माझी तबकडी लावायचो. हॅन्ली गावातल्या क्लबात एक बाई गायची, तिने स्वतःच काढली होती. कोणी घेतली नाही. मी घेतली."

"आणि मॅनेजर?"

"तो समोरच्या पबमध्ये असायचा."

"अरे, पण अख्ख्या थेटराला फसवलंस!"

"अख्खं थेटर बाहेर असायचं, केझी," लायनेल म्हणाला. "ऐकायला एकच माणूस आत असायचा."

मी काही बोलले नाही. मँडी, नोंद करून ठेव — दुर्मीळ आहे.

मँडी रडत होती. ग्लेन खिडकीबाहेर बघत होता. मग घसा खाकरून, पबमधल्यासारखा निकाल दिला: "उत्तर चूक. गुण पूर्ण." आणि त्या घराला फोन करायला बाहेर गेला. मला तिथून ऐकू येत होतं — "नाही, नाही, खोली नको. तिची तब्येत ठणठणीत आहे. आमचीच जरा..."

शुक्रवार, २१ मार्च

लायनेल रविवारी चहाला येतोय, तबकडी घेऊन. शेवटची बस लवकर जाते, हे मी त्याला सांगितलेलं नाही. विल्फचा फोटो जागचा हलवणार नाही. त्यालाही ऐकू दे.

मँडी, आता हे लिहायचं नाही, करायचं. ग्लेनबरोबर ओटची घावनं पाठव, बाजारातल्या बाईकडची ताजी, आणि बेकन, आणि चीज जरा जुनं, वास येणारं. रविवारसाठी नाही. सोमवारच्या न्याहारीला. दोघांपुरती.